कॅमेरा ड्रोन मिटणे, नेणे आणि ठेवणे : प्रोपेलर सांभाळण्याचा क्रम

झाडाच्या फांदीला लागून मोडलेले प्रोपेलरचे पाते लगेच दिसते. बॅगेत दबून वाकलेले पाते मात्र सहसा दिसत नाही. पुढच्या उड्डाणात चित्रीकरण थरथरू लागले की शंका येते, आणि तेव्हाही दोष बहुधा गिंबलच्या, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या यंत्रणेच्या, माथी मारला जातो. लग्नाचे चित्रीकरण करणारे छायाचित्रकार असोत की सुट्टीत गडावर नाहीतर कोकणात ड्रोन नेणारे हौशी लोक, चूक जवळजवळ सारखीच असते. उड्डाण संपले की घाईने ड्रोनचे हात, म्हणजे टोकाला मोटर असलेल्या दांड्या, मिटायच्या, पाती जिकडे वळतील तिकडे वळू द्यायची, गरम बॅटरीसकट ड्रोन बॅगेत सारायचा आणि चेन ओढायची. यातली एकेक गोष्ट किरकोळ वाटते, पण क्रम चुकला की प्रत्येक पायरीचा भार शेवटी पात्यांवरच येतो.

पुढील सूचना डीजेआय कंपनीच्या मिनी, एअर, मॅव्हिक अशा घडीच्या ड्रोनसाठी आहेत. हात न मिटणाऱ्या फँटमसारख्या ड्रोनचे जिथे वेगळे आहे, तिथे तसे सांगितले आहे.

## निघण्यापूर्वीची तयारी

गिंबलचे कव्हर, पाती बांधण्याचा पट्टा, मऊ केसांचा ब्रश, हाताने दाबायचा रबरी ब्लोअर, एक मायक्रोफायबरचे कापड, प्रत्येक बॅटरीसाठी स्वतंत्र लहान पिशवी, ड्रोनसोबत आलेला स्क्रूड्रायव्हर आणि न उघडलेल्या पाकिटातील प्रोपेलरचा एक संच एवढे सामान पुरते. पट्टा ड्रोनच्या मॉडेलचाच घ्यावा. दुसऱ्या मॉडेलचा पट्टा ताणून बसवता येतो, परंतु तो पात्यांना अंगाकडे ओढत राहतो, आणि ज्या दाबापासून पाती वाचवायची तोच दाब कायमचा मागे लागतो. पट्टा मिळत नसेल तर रबर बँड वापरू नये. रबराचा ताण पात्याच्या एकाच ठिकाणी येतो आणि उन्हात रबर वितळून चिकटते. त्यापेक्षा मऊ कापडाची रुंद पट्टी सैल गुंडाळलेली बरी.

सुटे प्रोपेलर मूळ पाकिटातच सपाट ठेवावेत. ते चार्जरच्या कप्प्यात वायरींखाली कोंबलेले अनेकदा आढळतात. असे प्रोपेलर ऐन वेळी काढून बसवले तर नवे म्हणून वाकडीच पाती बसवल्यासारखे होते.

## पायरी १ : उतरल्यानंतरची पहिली दहा मिनिटे

ड्रोन उतरला की आधी तो बंद करावा आणि पाती पूर्ण थांबल्यावरच हात लावावा. बंद झाल्यावर गिंबल सैल पडतो. त्याला धरून ठेवणारी कोणतीही कळ आत नसते, म्हणून या क्षणापासून कव्हर लागेपर्यंत ड्रोन तिरका किंवा उलटा करू नये.

त्यानंतर बॅटरी काढून सावलीत ठेवावी. उड्डाणानंतर ती चांगलीच गरम असते. तशीच बॅगेत बंद केली तर ती स्वतः हळू निवते आणि शेजारच्या प्लास्टिकलाही तापवते. गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावणे ही याच घाईतली दुसरी चूक होय. बहुतेक उत्पादक चार्जिंगसाठी ५ ते ४० अंश सेल्सिअसची मर्यादा देतात, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात दुपारची हवाच ही मर्यादा ओलांडते.

बॅटरी निवत असताना ड्रोन स्वच्छ करावा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उड्डाण केले असेल तर येथे जास्त वेळ द्यावा. त्या भागातल्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहयुक्त खनिजे असतात, आणि ड्रोनच्या मोटरमध्ये जोरदार चुंबके असतात. उतरताना उडालेले कण मोटरच्या फटींतून आत जाऊन चुंबकाला घट्ट चिकटतात. बोटाने मोटर हळू फिरवल्यावर बारीक करकर जाणवली किंवा ती मध्येच अडखळली, तर वाळू आत आहे असे समजावे. कॉम्प्रेसरच्या हवेचा झोत मारला तर कण बेअरिंगपर्यंत ढकलले जातात. मोटर खाली झुकवून रबरी ब्लोअरने हलके फुंकावे, आणि जे कण निघत नाहीत ते चिकटपट्टीची अरुंद सुरळी करून तिच्या टोकाने टिपून घ्यावेत. ड्रोन असा झुकवायचा तर गिंबलचे कव्हर आधी लावून घ्यावे.

समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्यात ड्रोन उडवला असेल तर बाहेरचे कवच आणि पाती किंचित ओल्या कापडाने पुसून मग कोरड्या कापडाने पुसावीत. पात्यांना थिनर, ॲसिटोन किंवा घरातले कोणतेही द्रावक लावू नये. प्लास्टिकवर केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि त्या सहजी दिसत नाहीत.

तपासणी : बॅटरी हाताला कोमटही लागत नाही, चारही मोटरी बोटाने सहज फिरतात आणि कवचावर ओल नाही, या तीन गोष्टी झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

## पायरी २ : मिटण्याचा क्रम

सर्वांत जास्त चुका येथे होतात. योग्य क्रम असा : आधी गिंबलचे कव्हर, मग पाती हातांच्या रेषेत आणणे, मग हात मिटणे आणि शेवटी पट्टा.

१. लेन्स समोर सरळ करून, कव्हर न दाबता बसवावे. ते सहज बसत नसेल तर गिंबल तिरका राहिलेला असतो. अशा वेळी जोर न लावता कॅमेरा बोटाने अलगद सरळ करून पुन्हा बसवावे. जोराने बसवलेले कव्हर गिंबलच्या रबरी गाद्यांना ताणून ठेवते, आणि रात्रभर ताणलेल्या गाद्या दुसऱ्या दिवशी कॅमेरा तिरका दाखवतात.

२. हात अजून उघडे असतानाच प्रत्येक मोटरवरची दोन्ही पाती एकमेकांजवळ आणून हाताच्या लांबीला समांतर करावीत. बहुतेक लोक आधी हात मिटतात आणि मग पाती आवरू पाहतात. तोवर पात्याचे टोक कवच आणि हात यांच्या फटीत गेलेले असते आणि ते ओढून काढताना मुळाशी पीळ बसतो.

३. हात कोणत्या क्रमाने मिटायचे हे मॉडेलवर अवलंबून असते. मिनी २ किंवा एअर २ एस उघडताना आधी पुढचे आणि मग मागचे हात उघडतात, म्हणून मिटताना आधी मागचे आणि मग पुढचे. दुसऱ्या मॉडेलांत हा क्रम उलट असू शकतो. पुस्तिकेत उघडण्याचा जो क्रम दिला असेल त्याच्या बरोबर उलटा मिटण्याचा, एवढे धरून चालावे. हात अडला तर क्रम चुकला आहे. जोर लावून बिजागरी मोडण्यात अर्थ नाही.

सावधान : काही नव्या मॉडेलांत हात उघडताच ड्रोन आपोआप सुरू होतो. बॅटरी आत ठेवून असा ड्रोन बॅगेत टाकला आणि हात किंचित सुटला, तर कव्हरमध्ये अडकलेला गिंबल आतल्या आत धडपडत राहतो आणि ड्रोन तापतो. बॅटरी बाहेर काढून ठेवणे, किंवा निदान अर्धी सरकवून सोडवणे, हाच खात्रीचा उपाय आहे.

## पायरी ३ : पाती बांधणे

पट्टा लावल्यावर पाती हलू नयेत, पण वाकूही नयेत. हे पारखायचे असेल तर पट्टा लावून ड्रोन डोळ्यांच्या पातळीवर धरावा आणि बाजूने पाहावे. पात्याची नैसर्गिक वळणदार रेषा तशीच दिसली पाहिजे. टोक खाली कवचाकडे झुकलेले दिसले, किंवा मध्यभाग धनुष्यासारखा उचललेला दिसला, तर पट्टा घट्ट आहे. प्लास्टिकचे पाते तासाभराच्या दाबाने बिघडत नाही. परंतु उष्णता आणि दाब एकत्र आले, म्हणजे पट्टा घट्ट, बॅग उन्हात आणि प्रवास पाच तासांचा, की पाते तो आकार धरते आणि सोडल्यावर पूर्ववत होत नाही.

मागच्या पात्यांकडे विशेष लक्ष द्यावे. घडीच्या बऱ्याच ड्रोनमध्ये मागच्या मोटरी मिटल्यावर अंगाखाली येतात आणि त्यांची पाती ड्रोनच्या पोटाखाली राहतात. ड्रोन टेबलावर ठेवला की संपूर्ण वजन त्यांच्यावर येते. म्हणून मिटलेला ड्रोन कठीण पृष्ठभागावर ठेवून वर दुसरे काही रचू नये.

फँटमसारख्या ड्रोनचे प्रोपेलर काढूनच न्यावेत. काढलेले प्रोपेलर एकमेकांवर रचताना मध्ये पातळ कापड किंवा कागद ठेवावा. एकाच दिशेने फिरणारे दोन एका पाकिटात आणि उलट दिशेचे दोन दुसऱ्या पाकिटात ठेवले, तर बसवताना गोंधळ होत नाही. मिनी मालिकेतली स्क्रूने बसवलेली पाती मात्र प्रत्येक प्रवासाला काढू नयेत. त्या बारीक स्क्रूंवर पकड टिकवणारा लेप असतो. तो वारंवार काढघाल केल्याने निघून जातो आणि मग स्क्रू उडतानाच्या कंपनाने सैल होऊ शकतो. जी पाती काढायची सोय आहे ती काढावीत आणि जी बांधायची सोय आहे ती बांधावीत. दोन्हींची सरमिसळ हीच अनेकांची मूळ चूक असते.

## पायरी ४ : बॅग आणि पेटी

मऊ बॅग हातात किंवा पाठीवर राहणार असेल तरच पुरेशी असते. सामान दुसऱ्याच्या हाती जाणार असेल, म्हणजे ट्रॅव्हल्सच्या डिकीत, विमानाच्या सामानात किंवा लग्नाच्या टेम्पोत लाइट स्टँडसोबत, तर कडक पेटीच हवी.

पेटीतला फोम कापताना एक गोष्ट सतत विसरली जाते. ड्रोनला आधार अंगाखाली आणि हातांच्या मुळाशी द्यायचा असतो, पात्यांना नव्हे. पात्यांच्या भोवती बोटभर जागा मोकळी राहील असा खाचा कापावा. तयार मिळणाऱ्या पेट्यांचे झाकण बंद करताना वरच्या फोमचा उंचवटा पात्यांवर टेकतो का, हे पाहण्याची सोपी युक्ती आहे. पात्यांवर टिश्यू पेपरची सैल घडी ठेवून झाकण बंद करावे आणि उघडावे. घडी चपटी झाली असेल तर त्या जागेचा फोम खरवडून काढावा.

बॅटऱ्या स्वतंत्र कप्प्यात ठेवाव्यात. किल्ल्या, नाणी, स्क्रूड्रायव्हर यांच्याशेजारी उघडे टर्मिनल ठेवणे म्हणजे शॉर्ट सर्किटला आमंत्रण आहे. मोबाइलचे चुंबकी स्टँड आणि ब्लूटूथ स्पीकर ड्रोनच्या कप्प्यात ठेवू नयेत. त्यांच्यामुळे ड्रोनमधले होकायंत्र बिघडून उड्डाणापूर्वी ते पुन्हा जुळवून घेण्याची (कॅलिब्रेशन) मागणी होते, आणि ते नेमके घाईच्या वेळी.

तपासणी : बॅग बंद करून हलके हलवावी. आतून टकटक आवाज आला तर काहीतरी सैल आहे. चेन ओढताना जोर लागला तर काहीतरी दबले आहे.

## पायरी ५ : रस्त्याने आणि रेल्वेने

स्कूटरच्या सीटखालची डिकी सर्वांना सोयीची वाटते आणि तीच सर्वांत वाईट जागा आहे. खाली इंजिन असते, वर ऊन असते आणि प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट बसतो. दुचाकीवर ड्रोन पाठीवरच्या बॅगेतच असावा, म्हणजे धक्के शरीर सोसते. चारचाकीत तो मागच्या सीटच्या पायाशी, सावलीत ठेवावा. उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीत तापमान ६० अंशांच्या आसपास जाऊ शकते, म्हणून जेवायला थांबतानाही बॅटऱ्या सोबत घ्याव्यात. एसटीत मागच्या आसनांवर धक्के जास्त बसतात, तेव्हा पुढचे किंवा मधले आसन घेऊन बॅग मांडीवर ठेवलेली उत्तम. वरच्या रॅकवर ठेवलेल्या बॅगेवर पुढच्या थांब्यावर कुणाची तरी गोणी येणार, हे गृहीतच धरावे. रेल्वेत खालच्या बर्थखाली बॅग ठेवायची असेल तर ती कडक पेटी असावी.

वातानुकूलित डब्यातून किंवा खोलीतून दमट हवेत आल्यावर बॅग लगेच उघडू नये. थंड लेन्सवर आणि मोटरच्या तारांवर दव जमते. अर्धा तास बॅग बंदच ठेवून आतले तापमान बाहेरच्या जवळ येऊ द्यावे.

## पायरी ६ : विमानाने

लिथियम बॅटऱ्या केबिनमध्ये सोबतच न्याव्या लागतात. चेक-इनच्या सामानात सुट्या बॅटऱ्या चालत नाहीत. बॅटरीत किती ऊर्जा मावते ते वॉट-अवरमध्ये मोजतात. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला सहसा वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० वॉट-अवरच्या जास्तीत जास्त दोन बॅटऱ्या विमान कंपनीच्या संमतीने नेता येतात आणि त्यापुढची नेता येत नाही. बॅटरीवर वॉट-अवर छापलेले असतात. नसतील तर व्होल्टला अँपिअर-अवरने गुणावे. मिनी २ ची बॅटरी ७.७ व्होल्ट आणि २.२५ अँपिअर-अवरची, म्हणजे सुमारे १७.३ वॉट-अवरची भरते. मॅव्हिक ३ ची ७७ वॉट-अवरची आहे. रिमोटमध्येही आत बॅटरी असते, म्हणून तोही केबिनच्या सामानात घ्यावा.

ड्रोन स्वतः केबिनमध्ये न्यायचा की चेक-इनमध्ये, याबाबत कंपनीगणिक फरक पडतो. तिकीट काढल्यावरच कंपनीला लेखी विचारून उत्तर मोबाइलमध्ये जपून ठेवावे. चेक-इनला द्यावा लागला तर बॅटरी काढलेला ड्रोन कडक पेटीत आणि ती पेटी सुटकेसच्या मधोमध, चारही बाजूंनी कपडे लावून ठेवावी.

सावधान : परदेशातल्या नातेवाइकांकरवी ड्रोन मागवण्याची पद्धत अजून चालू दिसते. ९ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली आहे. संरक्षण, सुरक्षा आणि संशोधन यांसाठीच अपवाद आहे. विमानतळावर सीमाशुल्क विभाग असा ड्रोन अडवून ठेवू शकतो.

## पायरी ७ : घरातील साठवण आणि पावसाळा

दहा दिवसांहून अधिक काळ ड्रोन उडणार नसेल तर बॅटऱ्या ४० ते ६० टक्क्यांवर आणून ठेवाव्यात. पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी फुगण्याकडे झुकते आणि पूर्ण रिकामी ठेवलेली पुन्हा चार्ज न घेण्याची भीती असते. बऱ्याच नव्या बॅटऱ्या काही दिवसांनी स्वतःच चार्ज उतरवतात. त्या वेळी त्या किंचित कोमट लागल्या तर घाबरू नये. तीन महिन्यांतून एकदा पूर्ण चार्ज करून, वापरून, पुन्हा मध्यावर आणाव्यात. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर ड्रोन कपाटात राहतो, म्हणून ऑगस्टच्या मध्यावर कॅलेंडरवर खूण करून ठेवणे सोयीचे पडते.

ड्रोनला दमटपणा बॅटरीइतकाच बाधतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात लेन्सवर बुरशी येते आणि स्क्रू गंजतात. हवाबंद डबा, आत आर्द्रता मोजणारा लहान हायग्रोमीटर आणि ओल शोषणारे सिलिका जेल, एवढ्यात काम होते. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी. नारिंगी रंगाचे जेल घ्यावे. ते ओले झाले की हिरवे पडते. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते विषारी आहे, म्हणून लहान मुलांच्या घरात ते नकोच. ओले जेल ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर दोन तास ठेवले की पुन्हा वापरता येते. कापडी बॅगेतच ड्रोन महिनोन्महिने ठेवू नये, कारण बॅगेचे अस्तर आणि फोम ओल धरून ठेवतात. जुना फोम तर चुरा होऊन मोटरमध्ये शिरतो.

या काळात पट्टा काढून पाती मोकळी ठेवावीत. डब्यात जागा असेल तर हात उघडेच ठेवणे सर्वांत चांगले.

फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये, दाबू नये, टोचू नये आणि कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. ती वाळू किंवा माती भरलेल्या भांड्यात, ज्वलनशील वस्तूंपासून दूर ठेवून अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावी.

## पायरी ८ : बाहेर काढल्यावर पात्यांची तपासणी

पट्टा सोडून पाती मोकळी करावीत आणि एकेक पाते प्रकाशाकडे धरून पाहावे. पुढच्या कडेवरून अंगठ्याचे नख हलकेच फिरवावे. नख अडकले तर तेथे खाच आहे. मग मुळाशी पाहावे. तेथे प्लास्टिक पांढुरके पडले असेल तर तो भाग आधी कधीतरी जोरात वाकला आहे, आणि तडा दिसत नसला तरी ते पाते वापरू नये. त्यानंतर एकाच मोटरवरची दोन पाती एकावर एक आणून बाजूने न्याहाळावीत. दोन्हींचे वळण एकसारखे नसेल तर एक पाते बॅगेत दबले आहे. गरम पाण्याने किंवा हेअर ड्रायरने पाते सरळ करण्याचे उपाय सांगितले जातात. ते करू नयेत. आकार बाहेरून जुळला तरी दोन पात्यांचा तोल जुळत नाही.

एक पाते खराब झाले तरी त्या मोटरवरची दोन्ही पाती बदलावीत, आणि नवी दोन एकाच पाकिटातली असावीत. खूण असलेले प्रोपेलर खूण असलेल्या मोटरवर आणि बिनखुणेचे बिनखुणेच्या मोटरवरच बसतात. स्क्रू नवे वापरावेत, सोबतचाच स्क्रूड्रायव्हर वापरावा आणि स्क्रू घट्ट झाला की थांबावे. अधिक पिळला तर पाते बिजागरीत अडते. बसवल्यावर पाते बोटाने ढकलून पाहावे. ते सहज पण किंचित विरोधाने फिरले पाहिजे.

पहिले उड्डाण डोक्याच्या उंचीवर, माणसांपासून दूर, मिनिटभराचे असावे. आवाजात घरघर आली किंवा हात थरथरताना दिसले तर लगेच उतरवावे आणि दुसरा संच लावावा. काढलेली पाती लगेच कात्रीने मधून कापून टाकावीत. तशीच बॅगेत राहिली तर महिनाभराने तीच सुटी पाती म्हणून पुन्हा मोटरवर चढतात.